सोप्यातली खाट

नाथाजी गवंड्यानं दोरीचं एक टोक खुंटीला गुंडाळलं, दुसरं लालासाहेबाच्या हातात दिलं आणि फक्कीचं घमेलं काखेत मारलं.

"ताणून धरा हवालदार. ढिली पडली तर भिंत वाकडी जायाची, आन समदं गाव माझ्या नावानं शिमगा करायचं."

लालासाहेबानं दोरी अशी काही ओढली, की पलीकडची खुंटीच उपटून आली.

"आवं, एवढी न्हाई! तोफ वढायची न्हाई आपल्याला, घर बांधायचं हाय."

दोघंही हसले. नाथाजीनं खुंटी पुन्हा ठोकली आणि दोरीच्या कडेनं मूठ हलवत तो मागं मागं सरकत गेला. काळ्या रानात चुन्याची पांढरी रेघ उमटत गेली. लालासाहेब त्या रेघेकडं बघत उभा राहिला. ही पुढची भिंत. आयुष्यभर मनात बांधलेल्या घराची ही पहिली भिंत, आणि ती बोटभर उंचीचीसुद्धा नव्हती, तरी त्याच्या छातीत काहीतरी भरून आलं. त्यानं ते खाकरून घालवलं.

उंब्रजच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत त्याचा मळा होता. विहिरीच्या वरच्या अंगाला जागा धरली होती. गावातलं जुनं घर भूकंपाच्या साली मधोमध चिरलं होतं. तेव्हापासून माणसं भिंतीला लाकडाचे टेकू देऊन त्यात राहत होती. लालासाहेब तेव्हा पलटणीबरोबर पार आसामच्या पलीकडं. घर चिरल्याचं त्याला कळलं तेव्हा टेकू लावूनही झाले होते. हरणाबाईनं, त्याच्या बायकोनं, सुताराला बोलावून, बाभळीची लाकडं तोडून ते सगळं उरकलं होतं. रजेवर आल्यावर त्यानं टेकूंना हात लावून पाहिला. पक्के होते. त्याला काही करण्यासारखं त्यात उरलं नव्हतं.

पण नवीन घर मात्र आपण बांधायचं, हे त्यानं पलटणीत असतानाच ठरवलं होतं. बर्फात, वाळूत, जिथं जिथं मुक्काम पडला तिथं तो काटकीनं जमिनीवर घर काढत बसायचा. हा सोपा, हे माजघर, ही चूल, हा मागचा परडा. पोरं चेष्टा करायची, "लाल्या, आज किती खणी? काल तर गोठा पुढं हुता, आज मागं कसा गेला रं?" तो म्हणायचा, "बायकुनं सांगितलंय." बायकोनं कशाला काय सांगितलंय! बायकोला त्यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं.

आणि त्या प्रत्येक घराला उगवतीच्या कोपऱ्यात एक खोली असायची. तिला खिडकी. खिडकीतून विहीर आणि विहिरीवरचं आंब्याचं झाड दिसायचं. ती खोली कुणाची, हे त्यानं पोरांनाही कधी सांगितलं नाही.

ती त्याची आणि हरणाबाईची होती.

आता आपल्याकडं नवराबायकोला वेगळी खोली असते कुठं? बाया माजघरात, पोराबाळांत. पुरुष सोप्यात नाहीतर मळ्यात. पण लालासाहेबानं कॅंटोनमेंटमधली फॅमिली क्वार्टर्स पाहिली होती. संध्याकाळी दाराशी खुर्च्या टाकून बसलेली जोडपी पाहिली होती. बाईच्या हातात विणकाम, बुवाच्या हातात चहाचा कप, आणि दोघं काही न बोलता समोर बघत बसलेली. त्याला ते फार आवडलं होतं. एकदा त्याला क्वार्टर मिळालंही होतं. धावत रजा काढून तो तिला न्यायला आला, तर हरणाबाई म्हणाली, "आवं, ऊस हुबा हाय. आत्याबाईस्नी दिसत न्हाई. पाण्याची पाळी कोण धरंल?" त्याच्या आईची नजर खरंच गेली होती; हरणाबाईचं काही चुकत नव्हतं. तो एकटाच परत गेला आणि क्वार्टर दुसऱ्याला देऊन टाकलं. त्या क्वार्टरचं देणं त्याच्या मनावर होतं. ही खोली म्हणजे ते देणं.

"ह्यो कोपरा कशाचा?" नाथाजीनं विचारलं.

"खोली हाय."

"कुणाची?"

"आमची," लालासाहेब म्हणाला आणि उगीचच विहिरीकडं बघू लागला.

नाथाजी शहाणा. त्यानं मिशीत हसून घमेल्यात मूठ घातली. "काडूया की. आता पेन्शनी झालाय, ऱ्हावा राजा-राणीवाणी."

दिवाळीच्या तोंडावर तो पेन्शन घेऊन आला होता. काळी ट्रंक, वळकटी आणि मेडल ठेवलेली कापडी पिशवी. दरवर्षीप्रमाणं हरणाबाईनं त्याला दारातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला, पायावर पाणी घातलं. दरवर्षीप्रमाणं सोप्यात खाट टाकली, तिच्यावर धुतलेली चादर. त्या दिवशी कोंबडं कापलं. दुसऱ्या दिवशी शिरा. तिसऱ्या दिवशी पुरणपोळी. पंधरवडा गेला तरी ताटात गोडाचं काहीतरी असायचंच. तो म्हणाला, "अगं, रोज कशाला? घरचंच माणूस की मी." तर ती म्हणाली, "असूं द्या, असूं द्या," आणि आणखी एक वाढली.

सकाळी तो बैलं सोडायला उठला, की ती म्हणायची, "तुमी बसा." तो पाण्याला जायला निघाला, की फावडं तिच्या खांद्यावर. "तुमी बसा. तुमास्नी वाफं ठावं न्हाईत." खरंच ठाऊक नव्हते. कुठला वाफा आधी भिजवायचा, कुठल्या शेजाऱ्याशी पाण्यावरनं बोलणं बंद आहे, गडी उचल मागायला आला तर त्याला काय सांगायचं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. एकदा त्यानं हौसेनं उसाला पाणी सोडलं आणि शेजारच्या हरभऱ्यात तळं करून ठेवलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मुकाट्यानं बांध फोडला, शेजाऱ्याच्या घरी जाऊन चार शब्द गोड बोलून आली आणि संध्याकाळी त्याला चहा देताना म्हणाली, "तुमी बसत जावा की निवांत. लय केलं जल्मभर."

मग तो बसला. खाटेवर बसून बसून रस्त्यावरची यस्टी मोजायचा. घोंगडी घडी करायचा, उलगडायचा, पुन्हा काटकोनात घडी करायचा. त्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदर पडू द्यायची नाही, बाहेर शेजारणीशी खळखळून हसत असली तरी तो आत आला की हसणं तोंडातच जिरायचं. बायका उठून जायच्या. घर गप्प व्हायचं. मनात तो म्हणायचा, जुन्या घरात तिला सवय नाही. नव्या घरात होईल.

संक्रांतीनंतर कराडच्या बाजारात त्याच्या पलटणीतला जोतीराम भेटला. सांगलीकडं एका कारखान्यावर तो गेटवर होता. म्हणाला, "लाल्या, येतोस का? आपल्यासारखा माणूस पायजे त्यास्नी. ऱ्हायला खोली देत्यात." लालासाहेबानं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. "पुरं झालं गड्या. आता घरी ऱ्हायचं. घर बांधतुय."

उन्हं डोक्यावर आली तेव्हा हरणाबाई जेवणाची पाटी घेऊन आली. आखणी पुरी झाली होती. काळ्या रानात अख्खं घर पांढऱ्या रेघांनी उठलं होतं. दारांच्या जागी रेघ तोडलेली, खिडकीच्या जागी रेघेवर आडव्या दोन खुणा.

"या वैनी," नाथाजीनं हाक दिली. "आत येऊन बघा. चुकलंमाकलं आत्ताच सांगा. उद्या पाया खांदला, मग माझ्या नावानं बोटं मोडू नगा."

हरणाबाईनं पाटी आंब्याखाली ठेवली, पदर सावरला आणि चपला काढून ती पुढच्या दारातून आत गेली. रेघ ओलांडली नाही कुठं. दारातूनच गेली. लालासाहेबाला ते बघून इतकं बरं वाटलं, की तो मागोमाग निघाला, पण ती आपल्याच नादात पुढं होती, म्हणून तो सोप्यातच थांबला.

ती माजघरात उभी राहिली. तिचे डोळे एकदम बदलले. पेरणीच्या वेळी शिवाराकडं बघते तशी ती त्या रेघांकडं बघायला लागली.

"हितं आत्याबाई," ती म्हणाली. "चुलीच्या जवळ. थंडी सोसत न्हाई त्यास्नी, आन हाक मारली की मला ऐकू आली पायजे." दोन पावलं गेली. "हितं कणग्या. हितं जातं. आक्काताई बाळातपणाला येईल, तवा ती ह्या अंगाला, वारा लागायचा न्हाई. उद्या भाऊसोची बायकू आली, की तिला त्यो कोपरा." आक्काताई त्यांची लेक, खंडाळ्याला दिलेली. भाऊसो त्यांचा थोरला. यंदाच भरती झाला होता, बेळगावला रंगरूट होता. "नाथाजीभावजी, न्हाणीचं पानी परड्यात काडा. केळी लावीन म्हनते."

"काडतो की."

"गोठ्याचं दार मातुर चुलीवरनं दिसलं पायजे. म्हस व्यायला झालीया."

नाथाजीनं खुंटी उपटली आणि हातभर सरकवून ठोकली. लालासाहेब कौतुकानं ऐकत होता. ही बाई इतकं बोलते? एका दमात तिनं त्याच्यासमोर एवढं बोललेलं त्याला आठवत नव्हतं. बोलता बोलता तिचा पदर खांद्यावर आला होता आणि तिचं तिकडं लक्षही नव्हतं.

ती उगवतीच्या कोपऱ्यात पोचली.

"हे काय?"

नाथाजी एकदम दोरी गुंडाळायला लागला.

"खोली हाय," लालासाहेब सोप्यातून म्हणाला.

"कशाला?"

"ऱ्हायला."

"कुणाला?"

"आपल्याला," तो म्हणाला. मग वाटलं नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणाला, "तुला आन मला."

हरणाबाईनं चटकन पदर डोक्यावर घेतला. तिचा चेहरा लाल झाला. लाजली, की शरमली, की घाबरली, कोण जाणे. मग ती हसली, नाथाजीकडं बघून.

"ऐकलं का भावजी, काय चेष्टा हाय! नातवंडं यायची येळ झाली. बाया काय म्हनत्याल?"

"म्हनू देत की," नाथाजी पुटपुटला.

"न्हाई, न्हाई." तिनं मान हलवली. आता तिचा आवाज पुन्हा कामाचा झाला. "जागा झ्याक हाय. उगवतीचं ऊन येतंय. हितं बी-बियाणं ठेवू. खताची पोती, पेंड. गेल्या साली भुईमुगाच्या बियाला वल लागली, केवढं नुकसान झालं. फकस्त ही खिडकी बुजवा. उंदीर येत्यात."

लालासाहेबानं खिडकीच्या दोन खुणांकडं पाहिलं.

नाथाजीला राहवलं नाही. भला माणूस. "वैनी, समद्यांची जागा सांगितली. हवालदारांची खाट?"

"त्यास्नी सोपा हाय की," हरणाबाई म्हणाली. किती सहज म्हणाली! "पुडं वारा असतोय. चार माणसं येत्यात, बोलत बसत्यात. त्ये आल्यावर आमी खाट सोप्यातच टाकतो. भाऊसो आला, की त्याचीबी तितंच. दोगांस्नी बरं."

त्ये आल्यावर.

तिला कळलंही नाही आपण काय म्हणालो ते. ती पाटीकडं गेली, फडक्यातल्या भाकरी सोडायला लागली. लालासाहेब त्या पांढऱ्या चौकोनात उभा होता. दिवाळीपासून तो घरात होता. शिमगा झाला, पाडवा झाला, आणि तो अजून यायचाच होता. त्याला तिचा राग आला नाही. यायला हवा होता खरं तर, पण कुणाचा राग धरायचा? वर्षातून एकदा येणाऱ्या माणसासाठी तिनं जेवढी जागा ठेवायला हवी तेवढी ठेवली होती, स्वच्छ चादर घालून ठेवली होती. बाकीच्या वर्षात तिनं घर भरून टाकलं होतं. कुठं उठवायचं आता कुणाला? म्हातारीला चुलीजवळून? म्हशीला गोठ्यातून?

तो चालत उगवतीच्या कोपऱ्यात गेला. खिडकीच्या दोन खुणांवर त्यानं पाय ठेवला आणि टाचेनं त्या मातीत घासून टाकल्या. घासताना तुटलेली रेघ फक्कीची चिमूट घेऊन त्यानं स्वतःच जोडली. रेघ सरळ आली. इतक्या वर्षांची कवायत, हात कसा हलेल!

"हवालदार," नाथाजी हळू आवाजात म्हणाला, "पाया खांदायला अजून येळ हाय. ऱ्हाऊ द्या की खिडकी. मी सांगतो वैनीस्नी समजावून."

"नगं. उंदीर येत्यात."

संध्याकाळी हरणाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. म्हातारी बनुबाई, लालासाहेबाची आई, भिंतीला टेकून लसूण सोलत होती. डोळ्यांनी दिसत नसलं तरी तिची बोटं चालायची. लालासाहेब सोप्यातून उठून आतल्या दारात आला. हरणाबाईनं पाट सरकवला.

"बसा. झालंच."

तो बसला नाही. चौकटीला हात लावून उभा राहिला.

"जोतीराम हाय न्हवं, आमच्यातला, त्यो सांगलीला कारखान्यावर हाय. गेटवर माणूस पायजे म्हनतोय. ऱ्हायला खोलीबी देत्यात. जावावं का काय, इचार करतुय."

भाकरी तिच्या दोन्ही हातांत होती, तव्यावर टाकायच्या बेतात. ती तशीच राहिली. लालासाहेबाचा जीव कानांत येऊन बसला. आता म्हण बाई. म्हण, कशाला जाताय आता या वयात. म्हण, पुरं झालं की. एक शब्द म्हण, मी त्या सांगलीकडं तोंड करून झोपायचासुद्धा नाही.

"कवा जायाचं?" हरणाबाई म्हणाली.

"आं? बघू. सोमवारी."

"सोमवार म्हंजी लय जवळ आला की." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि तिचे हात एकदम भराभर चालायला लागले. "शेंगदाण्याचं लाडू करून देते. गूळ हाय घरात. चटणी कुटायला पायजे. तुमची ती घोंगडी फाटलीया, नवी घ्यावी. आवं, हुबं का? बसा की जेवाय."

तो पाटावर बसला. आणि मग ती बोलायला लागली. म्हैस कशी अडून बसली, आक्काताईची सासू खंडाळ्याहून काय निरोप देते, शेजारची शालूबाई पोराच्या सोयरिकीत कशी फसली. सांगता सांगता हसली. पदर खांद्यावर उतरला, तो तिनं सावरला नाही. शेवटच्या आठवड्यात ती नेहमी अशीच असायची. रजा संपत आली, की ती मोकळी व्हायची. त्याच्या ताटाशी बसायची, कधी त्याच्या गुडघ्याला हात लागला तर मागं घ्यायची नाही. दरवर्षी त्याला वाटायचं, हिला माझं जाणं सोसत नाही म्हणून ही जवळ येते. आता पाटावर बसून, तोंडातला घास तसाच धरून, त्याला वाटलं, ह्या बाईला मी जाणारा म्हणूनच ठाऊक आहे. जाणाऱ्यावर माया कशी करायची ते ती जन्मभर शिकली. राहणाऱ्याचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नाही. आणि त्याला तरी कुठं येत होतं?

त्याला ती त्या घटकेला कधी नव्हती इतकी आवडली.

"कोण आलंय गं?" बनुबाईनं विचारलं.

"कोन न्हाई आत्याबाई. ह्येच हायत. सोमवारी जाणार हायत."

"आगं बया," म्हातारी म्हणाली. "आत्ताच तर आला हुता."

सोमवारी हरणाबाईनं त्याच्या तळहातावर दही घातलं. ट्रंकेत लाडवांचा डबा, चटणीची पुरचुंडी. त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली आणि मळ्याच्या वाटेनं हमरस्त्याकडं निघाला. वाटेवर पाया खणायला सुरुवात झाली होती. नाथाजीनं मान वर केली आणि तो कुदळीवर हात टेकून उभा राहिला. उगवतीच्या कोपऱ्यातली फक्की अजून पांढरी होती.

जाणाऱ्या माणसाला मागून हाक मारायची नसते. म्हणून हरणाबाई बांधावरून धावत आली आणि त्याला वळसा घालून पुढं येऊन उभी राहिली. धाप लागली होती. कपाळावर घाम, पदर वाऱ्यावर. लालासाहेबानं ट्रंक खाली ठेवली. एवढं धावत ती आजवर कधी आली नव्हती. त्याच्या मनात आलं, आता ही म्हणेल.

"रजा कवा मिळंल, त्ये सांगितलंच न्हाई," ती म्हणाली.

तिचा चेहरा इतका मोकळा, इतका मायेनं भरलेला होता, की त्याच्या तोंडून तिला हवं तेच आलं.

"दिवाळीला. चार दिवस तरी मिळंल."

"मग बरं. तवर छप्पर चढलेलं आसंल." तिनं मागं वळून त्या खणलेल्या चरांकडं पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडं. "वास्तुशांत तवाच करू. तुमी आल्याबिगर करायची न्हाई, नाथाजीभावजींस्नी सांगून ठेवलंय मी. घर बघायला या."

"येतो," लालासाहेब म्हणाला आणि त्यानं ट्रंक उचलली.

रस्त्यावर सांगलीची यस्टी दिसायला लागली होती. हरणाबाईनंच पुढं होऊन तिला हात केला.